तेल मागावं, नंबर मागू नये

१

चिमट्याच्या टोकावरचं तेल खाली पडायला तयारच होईना, तेव्हा धाकटी डब्यावर आणखी वाकली.

तिने चिमटा पुन्हा डब्यात बुडवला आणि वर उचलला. तेलाची तार लांबली, लोंबली आणि तशीच लोंबत राहिली. तीन हजार नंबरचं तेल असं वागत नाही. ते चटकन थेंब होऊन पडतं आणि मोकळं होतं. हे तेल चांगलंच घट्ट होतं, आणि ते निघालं होतं गाडीच्या मागच्या डब्यातून.

"हे काय घातलंस?" दादाने विचारलं.

"तीन हजार."

"हे तीन हजार आहे?"

दादाने रिमोट टेबलावर ठेवला. आपटला असता तर तिला बरं वाटलं असतं.

पुढची गोष्ट कळायला तेलाचं थोडं सांगायला हवं. मातीच्या ट्रॅकवर रिमोटने पळवायच्या या गाड्या असतात मांजराएवढ्या, पण त्यांना खेळणं म्हणालात तर मालक दिवसभर तुमच्याशी बोलणार नाही. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं आणि आतल्याला कमी. ही वाटणी करायला पुढच्या चाकांमध्ये एक डबा आणि मागच्या चाकांमध्ये एक डबा असतो. मध्येही एक असतो, पण त्याचं इथे काम नाही. डब्यात इवलीशी दातेरी चाकं तेलात बुडालेली असतात. तेल पातळ असलं की दोन्ही चाकं आपापल्या मर्जीने फिरतात, आणि घट्ट असलं की एकमेकांना धरून ठेवतात. मागे नको इतकं घट्ट भरलं, की वळणावर गाडीचं बूड सुटतं आणि गाडी गर्रकन उलट तोंड करून उभी राहते. पात्रता फेरीत दादाची गाडी तेच करत होती, पलीकडच्या टोकाच्या वळणावर, दर फेरीला. कशीबशी ती अंतिम फेरीत शिरली, तीही शेवटच्या रांगेत.

सगळी तेलं पाण्यासारखी स्वच्छ दिसतात. फरक फक्त नंबरात. कुणी कुठे कोणता नंबर घातलाय, हे या क्लबात घरच्या भांडणासारखं झाकून ठेवतात. तेल मात्र कुणीही कुणाकडेही मागावं, लगेच मिळतं. तेल मागावं, नंबर मागू नये, अशी रीतच आहे.

धाकटीने पुढे सात हजार आणि मागे तीन हजार भरलं होतं. ते तिला आणि दादालाच ठाऊक होतं. या जोडीवर ते दोघं वर्षभर जिंकत आले होते.

दुकानदार टेबलाशी येऊन उभे राहिले. गाडी त्यांच्या दुकानातली, सुटे भाग त्यांचे, म्हणून शब्दही त्यांचाच चालायचा.

"चूक कुणाची झाली ते सरळ सांगा," ते म्हणाले. "अंतिम फेरीला टेबलावर माझे जावईबापू बसतील. आणि पुढेही तेच बसतील."

जावई हा दहावा ग्रह म्हणतात. हा ग्रह मोटारींच्या कॉलेजातून शिकून आला होता आणि गेले कित्येक महिने धाकटीच्या खुर्चीभोवती फिरत होता.

"पण सकाळी सरावात गाडी छान पळाली," धाकटी म्हणाली.

"सकाळी माती घट्ट होती. पकड होती, म्हणून चूक झाकली गेली. पाणी मारल्यावर उघडी पडली."

धाकटीने दादाकडे पाहिलं. तो एक शब्द बोलला असता तरी पुरे होतं. पण दादा चाकाला चिकटलेली माती नखाने काढत बसला होता.

ते टेबल गेलं तर आपल्याकडे उरतं काय, हा प्रश्न तिला पडला, आणि उत्तराची भीती वाटली. गाडी चालवायचा दादा, टाळ्या मिळायच्या दादाला, आणि त्याचं तिला कधीच काही वाटलं नव्हतं. टेबलावरची ती खुर्ची तेवढी तिची होती. आज सगळे पाणी मारायला ट्रॅकवर गेले असताना कुणीतरी तीही खिडकीकडच्या बाजूला सरकवली होती. परत आल्यावर ती ओढून जागेवर आणताना तिला उगाचच अपशकुन झाल्यासारखं वाटलं होतं.

तिने डबा बोटांत उलटासुलटा करून पाहिला, आणि पुन्हा पाहिला.

पुढचा आणि मागचा डबा दिसायला जुळे भाऊ. म्हणून पुढच्यावर ती नेलपॉलिशचा एक ठिपका द्यायची आणि मागच्यावर दोन. रंग भडक पोपटी. वहिनीने हौसेने आणला होता आणि एकदाही लावला नव्हता. या डब्यावर एक ठिपका नव्हता की दोन नव्हते.

म्हणजे ठिपके द्यायलाच विसरले की काय मी? आणि जी ठिपके विसरते, ती काय काय विसरली असेल?

२

"काय उघडलंय? बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई दातांच्या. क्लबच्या सचिवही त्याच. गाडी चालवायची त्यांना भारी हौस, आणि प्रत्येक फेरीत शेवटचा नंबर त्यांनी कधी सोडला नव्हता. दुकानदारांनी त्यांना सगळी हकीकत सांगितली, तीही धाकटी तिथे नसल्यासारखी.

"अंतिम फेरीला अजून वेळ आहे," बाई म्हणाल्या. "तोवर कुणाला काढू नका. निदान न करता दात उपटणारा डॉक्टर बघितलाय कधी?"

दुकानदार कपाळाला आठ्या घालून निघून गेले. दादाही त्यांच्या मागे गेला. धाकटीचे डोळे भरून आले, पण हातांना तेल लागलेलं, त्यामुळे पुसताही येईनात.

"रडायचं नंतर," बाई म्हणाल्या. "तेलाच्या बाटल्या आण."

तिने दोन्ही बाटल्या पुढे ठेवल्या. बाईंनी त्या एकदम उलट्या केल्या आणि उजेडात धरल्या. दोन्हींच्या तळातून हवेचा एकेक बुडबुडा वर निघाला. तीन हजारचा बुडबुडा सरसर वर जाऊन टेकला, तरी सात हजारचा अजून अर्ध्या वाटेवर रेंगाळत होता.

"म्हणजे बाटल्या खऱ्या आहेत. कुणी भेसळ केलेली नाही. आता तू सांग, तीन हजारऐवजी चुकून सात हजारची बाटली उचलली असतीस, तर भरताना कळलं असतं का?"

"पहिला थेंब पडतानाच. घट्ट तेल भरलं की बुडबुडे वर यायची वाट बघत बसावं लागतं. काल मागचा डबा भरताना मला थांबावंच लागलं नाही." एवढं बोलून ती घुटमळली. "निदान मला तरी तसंच आठवतंय. डब्यांवर ओळखीचे ठिपके दिल्याचंही आठवतंय, पण ते इथे नाहीत."

"आठवण्यावर मी दात काढत नाही." बाईंनी डबा बोटांत धरला आणि त्यावर वाकल्या. तोंडात आरसा घालून बघावं तशा त्या बघत होत्या. "तेल किती भरतेस?"

"आतली आडवी पिन जेमतेम दिसेल इतकं. मामाने शिकवलंय."

मामा म्हणजे तिचा सख्खा मामा, आईचा भाऊ. पलीकडच्या टेबलावर त्याची निळी गाडी असायची. या दोघा भावंडांना पहिली गाडी त्याने दिली. स्क्रू समोरासमोरचे आवळायचे, तेल पिन दिसेपर्यंतच भरायचं, आणि सुटा केलेला भाग पुसून लख्ख केल्याशिवाय परत बसवायचा नाही, हे सगळं त्याने त्यांना बोट धरून शिकवलं होतं.

"पिन जेमतेमच दिसतेय," बाई म्हणाल्या. "म्हणजे हे तेल तुझ्याच हाताचं. आता एक सांग. सकाळी गाडी धुळीत पळाली, मग फेरीत चिखलात पळाली. त्यानंतर हा डबा बाहेरून कसा दिसायला हवा?"

धाकटीने डब्याकडे पाहिलं, मग ज्या खोबणीतून तो काढला त्या खोबणीकडे. खोबणीच्या कडांना फेरीतला ओला चिखल होता. पण कोपऱ्यांत सकाळच्या धुळीचा थर हवा, तिथे कण नव्हता. डब्यावर चिखलाचा शिंतोडा होता, त्याखाली मात्र डबा घासल्यासारखा चकचकीत होता.

"कुणीतरी पुसलाय," ती पुटपुटली. "सराव झाल्यावर."

"म्हणजे सराव झाल्यावर कुणीतरी काढलाय. फक्त मला एक कळत नाही. चोर कधी भांडी घासून जातो का?"

३

या क्लबात फेऱ्यांच्या आधी सगळ्यांनी ट्रॅकवर राबायचं असतं. कुणी झाडतं, कुणी पाणी मारतं, कुणी उंचवटे ठोकतं. तेवढा वेळ जुन्या गोदामातली सगळी टेबलं ओस पडतात. तेव्हा आत कोण होतं?

जावईबापू त्यांना दारातच भेटले. ॲप्रन आधीच घालून तयार.

"माझ्यावर संशय?" ते तापले. "मी आख्खा वेळ पाण्याची नळी धरून उभा होतो. कॉलेजात तेलावर मी प्रबंध लिहिलाय. मला कुणाच्या डब्यात डोकवायची गरज नाही. एवढी घोडचूक मी केलीच नसती."

बाईंनी नुसतं खाली पाहिलं. जावईबापूंच्या पँटला गुडघ्यापर्यंत चिखल होता, तोही सुकून पापुद्रे धरलेला.

वकीलसाहेबांचे बूट मात्र तोंड बघावं असे. मागच्या वर्षीचा करंडक त्यांच्याकडे, यंदाही लाल गाडी पहिल्या रांगेत.

"अशिलाचा फोन होता, म्हणून ट्रॅकवर आलो नाही. दारातच उभा होतो," ते म्हणाले. "दंड लावायचा तर लावा. पण बाई, चोरी करावी हरणाऱ्याने. माझी गाडी आज रुळावरून चालावी तशी चालली. तेलाचा नंबर मी वर्षानुवर्षं बदललेला नाही. ही पोरं पोशाखासारखी तेलं बदलतात."

"आत कुणी दिसलं?"

"पाठ होती माझी. आवाज मात्र येत होता. सफाईच्या फवाऱ्याचा, फुस्स फुस्स. मला वाटलं, कुणीतरी कामसू आहे बुवा."

उरला मामा. त्याच्याकडे जाताना धाकटीला जरा धीर आला. दिवसभरात आपलं माणूस म्हणावं असं तेवढंच उरलं होतं.

मामा टेबलाशी मान खाली घालून बसला होता. निळी गाडी पुढ्यात, पण तिला हात न लावता. धाकटीची चाहूल लागताच त्याने चष्मा काढला आणि खिशातल्या रुमालाने पुसू लागला. रुमालावर कसलासा हिरवट फराटा होता. चष्म्याची काच त्याने पुसली, पुन्हा पुसली, तरी समाधान होईना.

"मामा, पाणी मारायच्या वेळी तू आत होतास ना? माझ्या टेबलापाशी कुणी आलं होतं का?"

"गुडघा दुखत होता, म्हणून बसून होतो." त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला. "मी काही कुणाला बघितलं नाही. आणि बघितलं तरी मला कुठे धड दिसतं हल्ली?"

"तुमची फेरी कशी झाली?" बाईंनी विचारलं.

"फिरली माझीही. त्याच वळणावर. तिथे पाणी जास्त झालंय." मग तो धाकटीकडे वळला, पण तिच्या डोळ्यांत न बघता. "असू दे गं. हात आहे, चुकतो कधी कधी. एवढं मनाला लावून घेऊ नकोस."

धाकटी जिथल्या तिथे थिजली. जगाने म्हणावं, दुकानदाराने म्हणावं, एक वेळ दादानेही गप्प बसावं. पण ज्याने हात घडवला तोच म्हणत होता, की हात चुकला. तिला तत्क्षणी पटलंच. चुकलेच असेन मी.

ती परत फिरली. कर्ण्यातून आवाज आला, अंतिम फेरीच्या गाड्या तयार ठेवा.

४

"बाई, राहू द्या," ती टेबलाशी येऊन म्हणाली. "मी कबूल करून टाकते. निदान जावईबापूंना गाडी जोडायला वेळ मिळेल."

"कर की. पण त्याआधी पुढची चाकं उचल आणि एक फिरव."

"पुढे काही बिघाड नाहीये. बिघाड मागे आहे."

"वरचा दात ठणकतो म्हणून लोक माझ्याकडे येतात आणि किडलेला असतो खालचा. फिरव तू."

दर फेरीआधी धाकटी चाकं फिरवून बघायचीच. एक चाक फिरवलं की समोरचं उलट फिरतं, आणि ते किती जड जातं त्यावरून बोटांना आतलं तेल कळतं. नेमकं आज, हात चिखलाने भरलेले आणि दादा घाई करतोय, म्हणून राहून गेलं होतं. तिने पुढचं चाक फिरवलं.

ते लोण्यासारखं हलकं फिरलं.

तिने भराभर स्क्रू काढले आणि पुढचा डबा बाहेर घेतला. तोही लख्ख पुसलेला आणि बिनठिपक्याचा. उघडला. चिमटा बुडवून वर उचलताच थेंब टपकन पडला. पिन जेमतेम दिसत होती.

"तीन हजार," ती म्हणाली. "हा मागचा डबा आहे. माझाच. पुढचा मागे बसलाय आणि मागचा पुढे. तेल माझं बरोबरच होतं! बाई, मी चुकले नव्हते!"

"नव्हतीसच. आता हात चालू ठेव, डबे आपापल्या जागी बसव, आणि ऐक."

धाकटी भूत मागे लागल्यासारखी कामाला लागली. बाई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या.

"ज्याला गाडी बिघडवायचीय तो एक स्क्रू ढिला करतो आणि पळतो. तो दोन्ही डबे काढत नाही, फवारा मारून पुसत नाही, सगळे स्क्रू नीट आवळत नाही. म्हणजे त्याला बिघडवायचं नव्हतं. त्याला कळून घ्यायचं होतं. डबा बोटांनी फिरवून आतलं तेल ओळखता येतं, असा मुरलेला हात. इथे तेल मागता येतं, पण नंबर विचारता येत नाही, म्हणून त्याने चोरून बघितला. पुसलं का? सवय. त्या फवाऱ्यात तुझे ठिपके विरघळले. आता कोणता पुढचा आणि कोणता मागचा, हे त्याने कसं लक्षात ठेवलं असेल?"

"टॉवेलवर ओळीने ठेवून. डावीकडे पुढचा, उजवीकडे मागचा. आम्ही तसंच ठेवतो."

"आणि तू परत आलीस तेव्हा तुझी खुर्ची जागेवर होती का?"

धाकटीचा हात थांबला. "खिडकीकडे. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला."

"उजेडासाठी तो मध्येच उठून पलीकडे जाऊन बसला. पलीकडून डावं ते उजवं झालं. लोक परत येत होते, घाई झाली, आणि डबे उलटे बसले. आता विचार कर. जे त्याच्या हाताला लागलं तेही उलटंच लागलं. पुढे पातळ, मागे घट्ट. एवढा उपद्व्याप करून मिळवलेलं माणूस वापरल्याशिवाय राहील का? त्याने तेच आपल्या गाडीत भरलं. मग त्याची गाडी काय करेल?"

"आमच्यासारखीच फिरेल."

"त्याच वळणावर. मी सगळ्यांच्या मागे असते, त्यामुळे मला प्रत्येक गाडी ओलांडून जाते. सगळ्यांची बुडं बघायचा मान माझाच. त्या वळणावर आज दोनच गाड्या फिरल्या, त्याही जुळ्या बहिणींसारख्या. एक तुमची. दुसरी वर्षानुवर्षं कधीच फिरली नव्हती. हळू असेल, पण फिरायची नाही."

धाकटीच्या डोळ्यांपुढे रुमाल आला. त्यावरचा हिरवट फराटा हिरवट नव्हताच. तो पोपटी होता.

"निळी," ती म्हणाली.

५

"ऐक," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "दुसऱ्याच्या गाडीला न विचारता हात लावला, तर माणूस क्लबातून कायमचा बाद. नियम जुना आहे, आणि सचिव म्हणून मला तो पाळावा लागतो. कुणी तोंडाने कबूल केलं तर मला कळेल. अजून मला काही कळलेलं नाही. मी नुसती बडबड करतेय."

धाकटीने शेवटचा स्क्रू आवळला आणि ती मामाच्या टेबलाशी गेली. तिने काही विचारलं नाही. निळ्या गाडीची मागची बाजू उचलली आणि चाक फिरवलं. ते जड गेलं. मामा तिच्या बोटांकडे बघत होता. त्याच बोटांना त्याने चाक कसं धरायचं ते शिकवलं होतं.

"का रे मामा?"

त्याने निळी गाडी तिच्या हातातून घेऊन खाली ठेवली. मग म्हणाला, "माझी गाडी आता पळत नाही. ट्रॅक बदलला, चाकं बदलली, जुनं गणित चालेना. तुझ्याकडे तेल मागायला मला कधी लाज वाटली नाही गं. नंबर विचारायला वाटली."

"पण मागे घट्ट? तुला कळलं नाही, हे उलटं आहे?"

"कळलं ना. आयुष्यभर जे शिकवलं त्याच्या नेमकं उलट. हाताला लागलं आणि मी दचकलोच. पण म्हटलं, पोरगी जिंकतेय. तिला माझ्या पुढचं काहीतरी सापडलं असणार."

धाकटीला रडू आवरेना. राग आला होता, खूप आला होता. पण आपल्या साऱ्या जन्माच्या अनुभवापेक्षा ज्याने तिच्या हातावर जास्त भरवसा ठेवला, त्याच्यावर तो धरून ठेवताही येईना.

"आणि मघाशी मला म्हणालास, हात चुकतो."

मामाने मान खाली घातली. "ते मात्र मी फार वाईट केलं."

एवढ्यात दुकानदार आले. मागे ॲप्रन घातलेले जावईबापू, त्यांच्या मागे दादा. आजूबाजूच्या टेबलांवरची बोलणी थांबली.

"वेळ संपली," दुकानदार म्हणाले. "निकाल लागला का? चूक कुणाची?"

धाकटीने मामाकडे पाहिलं. हा क्लब गेला तर याच्याकडे काय उरेल? मघाशी स्वतःसाठी पडलेलाच तो प्रश्न होता. खुर्चीकडे न बघता ती म्हणाली, "चूक माझी—"

"खोटं बोलू नकोस," मामा उठून उभा राहिला. गुडघ्याचं त्याला भान नव्हतं. "मी तुला खूप काही शिकवलंय, खोटं बोलायला नाही." आणि तो सगळ्यांकडे वळला. "डबे मी काढले. तिच्या गाडीचे. चोरून. बसवताना उलटे बसवले. हिचा हात चुकलेला नाही. ऐकलंत ना, डॉक्टरीणबाई?"

बाईंनी मान हलवली. त्यांचाही चेहरा उतरला होता. "आता ऐकलं," त्या म्हणाल्या.

मामाने खिशातून क्लबचा बिल्ला काढून त्यांच्या हातात दिला आणि आपली पेटी भरायला घेतली. जावईबापूंनी ॲप्रनची गाठ सोडली. दुकानदार घसा खाकरत म्हणाले, "बरं. मग बसा टेबलावर. उभ्या काय राहिलात?" एरवी तिला 'तू' म्हणणारा माणूस अचानक 'तुम्ही' वर आला होता.

दादा जवळ आला. "मी बोलायला हवं होतं," तो म्हणाला.

"हो," धाकटी म्हणाली. "हवं होतं." आणि ती आपल्या खुर्चीवर जाऊन बसली.

पण तिचं चित्त लागेना. मामा पेटी उचलून दाराकडे चालला होता, एका पायाने लंगडत. निळी गाडी त्याच्या काखेत होती. तिच्या पोटात अजून ते चुकीचं तेल होतं. धाकटी खुर्चीवरून उठली.

"मामा!" ती ओरडली. गोदामाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू गेलं. "पुढे सात हजार! मागे तीन!"

कुणाच्या तरी हातातून पाना खाली पडला. वकीलसाहेबांनी कानाचा फोन काढला. "अगं, वेडी झालीस का?" दादा कळवळला. "सगळ्यांनी ऐकलं!"

"ऐकू दे," धाकटी म्हणाली. "आता कुणाला चोरायला नको."

मामा दारात थांबला. तो वळला नाही. पेटी त्याने या हातातून त्या हातात घेतली.

"पिन दिसेपर्यंतच भरायचं," तो म्हणाला. आवाज जेमतेम पोचला. "त्याच्या वर नाही."

"ठाऊक आहे मामा."

तो गेला. कर्ण्यातून गाड्यांची नावं पुकारायला सुरुवात झाली. दादाने रिमोट उचलला, पण गाड्या चालवायला उभं राहायच्या मंचाकडे न जाता तो धाकटीसाठी थांबून राहिला. तिने डोळे दंडाला पुसले, गाडीची मागची बाजू उचलली आणि एक चाक बोटाने फिरवलं. समोरचं चाक हलकेच उलट दिशेने फिरलं.

"चल," ती म्हणाली.